बॅझलजेटची गटारे आणि मुंबईचा पाऊस

मा. संपादक,

मुंबई तुंबली की 'लंडनची दीडशे वर्षांपूर्वीची गटारे बघा' हे वाक्य ठरलेलेच. ती बांधणारा जोसेफ बॅझलजेट १८५६ ते १८८९ तिथल्या मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स या शहराची बांधकामे पाहणाऱ्या मंडळाचा मुख्य अभियंता होता. माणूस मोठाच, पण तुलना चुकीची.

त्याने हिशेबात पाऊस धरला होता दिवसाला पाव इंच, म्हणजे जेमतेम ६ मिलिमीटर. त्याहून जास्त पडला की मैल्यासकट सगळे पाणी सांडव्यांवरून थेम्समध्ये, अशी योजनाच होती. मुंबईत नव्या पर्जन्यजलवाहिन्यांसाठी तासाला ५० मिलिमीटर धरतात, तरी त्या कमी पडतात. थोड्याशा सरीनेही नदीत मैला जाऊ लागल्यावर लंडनलाही थेम्सखालून २५ किलोमीटरचा नवा बोगदा काढावा लागला; तो २०२५ मध्ये पूर्ण जोडला गेला.

समुद्राच्या भरतीवरचा बॅझलजेटचा उपायही इथे जसाच्या तसा लागू होत नाही. गाळ बसू नये म्हणून अर्ध्या भरलेल्या वाहिनीत ताशी दीड मैल वेग हवा, हा त्याचा हिशेब. उतार मिळाला मैलाला साधारण दोन फूट. त्यामुळे वाहिनी खोल जाते आणि उपसा करावा लागतो. लंडनच्या पूर्वेला थेम्सकाठी क्रॉसनेस येथे मैला वाफेच्या इंजिनांनी उचलून झाकलेल्या टाक्यांत साठवायचा आणि ओहोटी लागली की सोडायचा, नाहीतर तो भरतीबरोबर शहरात परत येणार. मैला असा काही तास थोपवता येतो. जुलैतला मुसळधार पाऊस थोपवता येत नाही, उदंचन केंद्रांनी (पंपिंग स्टेशन) तो उपसावाच लागतो.

घेण्यासारखे आहे ते सिमेंटचे. पोर्टलंड सिमेंट, म्हणजे आजचे नेहमीचे सिमेंट, तेव्हा नवखे. भट्टीत कच्चे राहिलेले सिमेंट वजनाला हलके भरते, चटकन आवळते, पण पुढे जोर धरत नाही. म्हणून त्याचा सहायक जॉन ग्रँट ठरावीक मापात भरलेल्या सिमेंटचे वजन तपासायचा आणि नमुन्याचे ठोकळे सात दिवस पाण्यात ठेवून ताणून तोडायचा. दीड इंच बाजूच्या चौरस छेदाला ४०० पौंड ताण सोसला पाहिजे, अशी अट होती. पुढे ती ५०० वर नेली. कंत्राटदाराच्या शब्दावर माल घेतला जात नव्हता.

तेव्हा पालिकेने चालू कामांतील काँक्रीटचे, ओतल्यावर २८ दिवसांनी घेतलेल्या ताकदीच्या चाचणीचे अहवाल, नमुना कुठल्या ओतकामाचा आहे त्या नोंदीसह, संकेतस्थळावर टाकावेत.

– एक निवृत्त जलनिस्सारण अभियंता, ठाणे