बाबा, अंदाज पाटीच्या खालीच चालवा

पुणे

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

बाबा, गाडी जोरात चालवल्याबद्दल आलेल्या चलनाचे पैसे भरून टाका, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला बोलायचंय ते फोन ठेवता ठेवता तुम्ही जे म्हणालात त्यावर: "रस्ता मोकळा, गाडी ठणठणीत, हात बसलेला. मग माणसाने पाटी बघायची की रस्ता?" याचं उत्तर आकड्यांशिवाय देता येत नाही, आणि आकडे फोनवर नीट पोचत नाहीत. म्हणून लिहिते. आई, तूही वाच. शेजारच्या सीटवर तू असतेस.

माझं म्हणणं आधीच सांगते. रस्ता बघायचाच, अंदाजही वापरायचाच, पण तो वेगमर्यादेच्या पाटीवरच्या आकड्याखाली येण्यासाठी. वर जाण्यासाठी नाही. पाटी लावताना हिशेबात धरलेल्या कितीतरी गोष्टी ड्रायव्हरच्या सीटवरून दिसतच नाहीत.

"चौपदरीला कारला १०० चालतं" हे तुमचं वाक्य अर्धं बरोबर आहे. केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत कारसाठी दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्याला १०० आणि पालिकेच्या हद्दीतल्या रस्त्याला ७० अशी मर्यादा आहे. पण ही कमाल आहे. एखाद्या पट्ट्यावर त्याहून कमी ठरवता येते, आणि जिथे ८० ची पाटी आहे तिथे ८० हीच मर्यादा.

आता ती पाटी काय काय धरून चालते ते बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत प्रत्येक वेगाला 'थांबायला लागणारं दृष्टीचं अंतर' ठरलेलं आहे: ६० ला ८० मीटर, ८० ला १२० मीटर, १०० ला १८० मीटर. म्हणजे ८० साठी आखलेल्या रस्त्यावर चढ संपतो त्या टेकाडावर किंवा वळणावर पुढचं १२० मीटर दिसेल एवढीच खात्री डिझाइन करणाऱ्याने घेतलेली असते. वळणाचंही तसंच. नेहमीचा बाहेरच्या बाजूचा उठाव धरला तर ८० साठी साधारण २३० मीटर त्रिज्या पुरते, १०० साठी ३६० लागते. २३० आणि ३६० मधला फरक काचेतून डोळ्याला कळत नाही. दोन्ही वळणं 'तशी सरळच' वाटतात. आणि टेकाडाच्या पलीकडे काही उभं आहे का, हे चाळीस वर्षांच्या सरावानेही अलीकडून दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, ८० काय नि १०० काय, वीसचाच तर फरक. हा हिशेब जरा सावकाश वाचा. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दोन सेकंद धरू. तेवढ्यात ८० ची गाडी ४४ मीटर जाते. मग कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, पूर्ण ब्रेक दाबून ती आणखी ३५ मीटरमध्ये थांबते. एकूण ८० मीटर धरा. तीच गाडी १०० ने येत असेल तर ब्रेकवर पाय पडेपर्यंतच ५६ मीटर संपलेले असतात. उरलेल्या २४ मीटरमध्ये वेग थोडासा उतरतो, आणि ८० वाली गाडी जिथे थांबली असती नेमक्या त्या जागी १०० वाली अजून ताशी ७५ च्या वेगात असते. एक गाडी उभी राहते आणि दुसरी ७५ ने धडकते, फरक फक्त वीसचा. वेग सव्वापट झाला की धडकेतली ऊर्जा दीडपटीहून जास्त होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते.

अंदाजाबद्दल दोन गोष्टी तर प्रत्येक ड्रायव्हरला लागू आहेत, नवा असो की मुरलेला. पहिली, वेगाची सवय होते. टेंभुर्णीपासून पाऊण तास १०० ने आलं की सोलापूर जवळ आल्यावर ६० सुद्धा रांगल्यासारखे वाटतात, आणि आपण ४० वर आलोय असं वाटतं तेव्हा काटा ५५ वर असतो. म्हणून हायवे सोडून बाळे भागात आत शिरताना काट्याकडे बघायचंच. दुसरी गोष्ट जास्त घातक आहे: आपण पुढच्या वाहनाच्या किती वेगाने जवळ जातोय, हे डोळ्याला फार उशिरा कळतं. मेंदू ते ओळखतो समोरची वस्तू किती झपाट्याने मोठी होतेय त्यावरून, आणि लांब असताना ती जवळजवळ मोठी होतच नाही. उसाचा ट्रॅक्टर २० ने चाललाय आणि तुम्ही १०० ने येताय. मधलं २०० मीटरचं अंतर ९ सेकंदांत संपतं. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ 'पुढे काहीतरी आहे' एवढंच कळत असतं.

आता दुसऱ्यांचा अंदाज. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मोहोळच्या अलीकडे-पलीकडे दुभाजकातल्या कटजवळ बायका डोक्यावर ओझं घेऊन रस्ता ओलांडतात. एका बाजूच्या दोन लेन आणि कडेची पट्टी मिळून दहाएक मीटर, चालायला आठ सेकंद. तिने तुमच्या गाडीकडे बघितलं तेव्हा तुम्ही २०० मीटरवर होतात. ८० ने येत असाल तर तिथे पोचायला तुम्हाला ९ सेकंद लागतात, ती पार होते. १०० ने येत असाल तर सव्वासात सेकंदांत पोचता. ती कुठेच चुकली नाही, तिने रोजच्या सवयीप्रमाणे अंतर बघितलं आणि पाऊल टाकलं. पाकणीला तेलाच्या डेपोकडे वळणारा टँकर, सर्व्हिस रोडवरून वर येणारा मोटरसायकलवाला, हे सगळे 'इथे गाड्या साधारण इतक्या वेगाने येतात' हे धरून वागतात. पाटी म्हणजे अनोळखी माणसांनी एकमेकांशी केलेला करार आहे. तुमचा अंदाज कितीही चांगला असला तरी तो त्या बाईला कळवायची सोय नाही.

"सगळे ज्या वेगाने जातात त्याच वेगाने जाणं सुरक्षित" हा युक्तिवादही तुम्ही केलात. तो हवेतला नाही. १९६४ साली अमेरिकेत डेव्हिड सॉलोमन यांनी दाखवलं होतं की सरासरीपेक्षा फार जोरात आणि फार हळू जाणारे, दोघेही अपघातात जास्त सापडतात. पण त्या हळू गाड्यांमध्ये वळायला किंवा थांबायला वेग कमी केलेल्या गाड्याही मोजल्या गेल्या, ही त्यावरची मोठी टीका. १९९७ साली ॲडलेडमध्ये क्लोडेन आणि सहकाऱ्यांनी जास्त काटेकोर अभ्यास केला. ६० च्या रस्त्यांवर ६० च्या वर ताशी दर ५ किलोमीटर वेगवाढीला जखमी करणाऱ्या अपघाताचा धोका साधारण दुप्पट होत गेला, आणि हळू जाणाऱ्यांना जास्त धोका असल्याचं तिथे दिसलं नाही. नुसत्या अंदाजावर रस्ता सोडायचा प्रयोगही झालेला आहे. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात कारला दिवसा आकडाच नव्हता, 'वाजवी आणि सावध' वेगाने चालवा एवढंच. १९९८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम फारच मोघम म्हणून रद्द केला, आणि १९९९ मध्ये आकडा आला. वाजवी म्हणजे किती, यावर पोलीस आणि ड्रायव्हरचं एकमत होईना.

तुमचं एक मात्र मान्य. काही पाट्या चुकीच्या असतात. पुलाचं काम संपून महिने होतात आणि ३० ची पाटी तिथेच. अशा ठिकाणी एकदम ब्रेक मारू नका, मागचा ट्रक ते धरून चालत नाही. आधीच ॲक्सिलरेटर सोडा, डाव्या लेनमध्ये या, वेग हळूहळू उतरवा. आणि अशी पाटी राष्ट्रीय महामार्गावर असेल तर १०३३ वर कळवा. तो नंबर अपघातापुरता नाही, रस्त्यावरच्या अडचणींसाठीही आहे. मर्यादेत चालवायचं तर डावीकडून चालवा, हेही सांगते. उजव्या लेनमध्ये ७० ने ठाण मांडून बसलं की मागचे डावीकडून ओव्हरटेक करतात, तो वेगळा धोका.

आता अंदाज जिथे खरंच लागतो तिथे येते, म्हणजे पाटीच्या खाली. गाळपाचा हंगाम सुरू झाला की आपल्याकडच्या रस्त्यांवर रात्री दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर तो लोंबणाऱ्या उसाने झाकलेला. समोरून गाड्या येत असल्या की तुम्ही डिपर ठेवता, आणि डिपरवर बिनदिव्याची ट्रॉली ५० मीटरच्या आसपास आल्यावरच दिसते. मघाचाच हिशेब उलटा लावा: ५० मीटरमध्ये थांबायचं तर वेग ५५ च्या वर नको. पाटीवर १०० असू दे नाहीतर ८०. उसाचे तुकडे रस्त्यावर पडलेले दिसले की समजा, ट्रॉली पुढेच आहे. कोजागरीला तुळजापूरच्या रस्त्याला आणि आषाढीच्या आधी पंढरपूरच्या रस्त्याला कडेने माणसं चालत असतात, तेव्हाही हेच. जमलं तर त्या रात्री निघूच नका.

पावसात ८० वरून ब्रेक लावला तर ३५ ऐवजी ५० ते ५५ मीटर लागतात, टायर गुळगुळीत असतील तर त्याहून जास्त. पहिल्या सरीला सगळ्यात जपा. उन्हाळाभर साचलेली धूळ आणि तेल त्या पाण्यात मिसळून रस्ता निसरडा होतो.

आणि आपला उन्हाळा. मे महिन्यात टायर फुटतात त्याचं कारण लोक 'हवा जास्त झाली' असं सांगतात. बहुतेक वेळा उलटं असतं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, त्यातून आतल्या आत उष्णता तयार होते, वेग वाढला की ती झपाट्याने वाढते, आणि तापलेला रस्ता ती बाहेर जाऊ देत नाही. म्हणून हवा सकाळी, गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो त्यातल्या आकड्याप्रमाणे भरा. चार माणसं आणि सामान असेल तर त्याच स्टिकरवर पूर्ण लोडचा आकडा असतो, तो घ्या. वाटेत टायर तापल्यावर हवा चार-पाच पीएसआय जास्त दाखवेल, ती काढायला लावू नका. टायरच्या बाजूला 'DOT' या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. आपली गाडी कमी फिरते, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते, पण रबर वयाने कडक होतं. सहा वर्षं झाली असतील तर बदला. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो टायर कायद्यानेही बाद. ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी बदलून घ्या. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होऊन पेडल खाली बसतं. आणि टायर फुटलाच तर ब्रेक मारायचा नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर सावकाश सोडायचा, गाडी आपोआप मंदावू द्यायची. हे १०० पेक्षा ८० वर कितीतरी जास्त जमण्यासारखं आहे.

बाबा, एक गोष्ट मी जपून लिहिते, पण लिहिते. वरचे दोन सेकंद तरुण माणसाला दीड लागतात. समोरच्या लाईटने डोळे दिपल्यावर पुन्हा नीट दिसायला वयानुसार जास्त वेळ लागतो, आणि मोतीबिंदूची सुरुवात दिवसा जाणवत नाही, रात्री जाणवते. तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही, चिंता आहे ती डोळ्यांची.

एवढं करून वाचतं काय, तेही मोजा. सोलापूरहून तुळजापूर ४५ किलोमीटर. सगळा रस्ता मोकळा मिळाला असं धरलं तरी ८० ने ३४ मिनिटं, १०० ने २७. सात मिनिटं. प्रत्यक्षात गावं, कट, गतिरोधक यांत तेवढीही उरत नाहीत.

तर या महिन्यात एवढं करा. डोळे तपासून घ्या, डॉक्टरांना 'रात्री गाडी चालवतो' हे मुद्दाम सांगा. टायरवरचे चार आकडे मला व्हॉट्सॲपवर पाठवा, स्टेपनीचेही. गाडी जुलै २०१९ नंतरची आहे, त्यामुळे ८० च्या वर गेली की ती मधूनमधून बीप करते. मेकॅनिकला सांगून तो आवाज बंद करून घेतला असेल तर परत चालू करायला सांगा. आई, रक्तदाबाच्या आणि सर्दीच्या ज्या गोळ्या बाबा घेतात त्यांच्या पट्ट्यांचे फोटो काढून पाठव, कुठल्या गोळीने झोप येते ते मी इथे डॉक्टरांना विचारून ठेवते. आणि दिवाळीला इकडे येताना पहाटे अंधारात निघू नका, सहा-साडेसहाला उजाडल्यावर निघा. जेवायला मी थांबेन.

तुमची,
लेक