किटिमॅटला जाण्याआधी

चि. सौरभ,

अनेक आशीर्वाद. कॅनडातल्या नोकरीचं कळल्यावर बाबांनी आळीभर पेढे वाटले. पण रुजू होण्याआधी एक गोष्ट तुझ्या कानावर घालायची आहे.

तुमच्या ॲल्युमिनियमच्या भट्ट्यांना लागणारी वीज केमानोच्या वीजघरातून येते आणि केमानोचं पाणी नेचाको नदीचं. ही नदी पूर्वेला वाहत जाऊन फ्रेझरला मिळते. १९५२ मध्ये केनी धरण बांधून तिला अडवलं आणि डोंगरातून सुमारे १६ किलोमीटरचा बोगदा काढून बरंचसं पाणी पश्चिमेला वळवलं. आपल्या कोयनेचं पाणी पोफळीला उतरवलं, तसंच.

तिथं चेस्लाटा लोक राहत होते, कॅरियर म्हणजे डाकेल्ह या तिथल्या मूळनिवासी समाजाचे. मासेमारी, सापळे लावून शिकार, थोडी गुरं, घोडे, कुरणं, असा त्यांचा संसार. त्या एप्रिलमध्ये त्यांना जेमतेम दोन आठवड्यांत उठवलं. मागं घरं जाळली, चर्चही जाळलं. काहींनी ग्रासी प्लेन्सकडे तंबूत दिवस काढले. केनी धरणातून खाली पाणी सोडायची सोयच नाही, म्हणून जादा पाणी स्किन्स लेकच्या सांडव्यातून चेस्लाटा तळ्याकडे सोडतात. त्या लोंढ्यानं दफनभूमी खरवडली, शवपेट्या आणि हाडं वाहून गेली. माझ्या आजोळचं गाव कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की देवळाचा चौथरा उघडा पडतो आणि मामा तिथं नारळ फोडून येतो. चेस्लाटांपैकी अनेकांना आपल्या माणसांच्या थडग्यावर फूल ठेवायलाही जागा उरली नाही. हे वाचून मला रात्रभर झोप लागली नाही.

जलाशयात बुडालेलं जंगल तर तोडलंही नव्हतं. नदीतला पांढरा स्टर्जन मासा आता नामशेष व्हायच्या वाटेवर आहे. साइकुझ आणि स्टेलाटेन या तिथल्याच डाकेल्ह लोकांनी दावा लावला, तेव्हा धरणामुळे माशांचं नुकसान झाल्याचं २०२२ मध्ये न्यायालयानंही मान्य केलं. पण सरकारच्या परवानगीनंच पाणी वळवलं होतं, म्हणून कंपनीला जबाबदार धरलं नाही. मला हे पटत नाही.

नोकरी सोड असं मी म्हणत नाही. पण तुझा पगार या पाण्यावर आहे, तेव्हा त्या चेस्लाटा लोकांची ओळख करून घे. सुट्टीत फ्रान्स्वा तळ्याची फेरीबोट धरून पलीकडे त्यांच्या वस्तीकडे जा. आधी विचारून जा, दफनभूमीचे फोटो काढू नकोस. कुणी बोलायला बसलं तर आधी ऐकून घे, मग आपल्या कोयनेचं सांग. आणि काय बोलणं झालं ते मला सविस्तर कळव.

तुझी,
आई