विषय : ‘झिरो ड्रॉप’ म्हणून विकलेला टाचेचा बूट आणि त्याहून वरचढ तुमची ग्राहक सेवा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

तुमच्या हेल्पलाइनचा फोन आत्ताच ठेवला. यापुढे जे काय बोलायचं ते लेखी.

अनवाणी धावल्यासारखं वाटावं म्हणून तुम्ही जो धावायचा बूट विकता, त्याचा आधीचा जोड मी तळ पार गुळगुळीत होईपर्यंत वापरला. यवतेश्वरचा घाट त्याच्यावर चढले-उतरले, एका शब्दाची तक्रार केली नाही. म्हणून तेच मॉडेल, तेच माप पुन्हा मागवलं. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘झिरो ड्रॉप, ० मिमी’, म्हणजे टाच आणि चवडा एकाच उंचीवर. पाय आत घातला आणि टाच वर! वाटलं, नवा आहे, दबेल. दबला नाही. उतारावर टाच आधी आपटायला लागली, पाऊल अंगाखाली पडायचं सोडून पुढे फेकलं जायला लागलं. टाच आपटत धावायची जुनी खोड मोडायला मी पोटऱ्या किती रडवल्यात, हे तुम्हाला सांगायची गरज नसावी. ‘घाई करू नका, सवय हळूहळू लावा’ असं तुमच्याच माहितीपत्रकात छापलंय.

तुमच्या पहिल्या प्रतिनिधीने सांगितलं, “मॅडम, इनसोल काढून बघा.” इनसोल म्हणजे बुटाच्या आतला तळ. जुन्या जोडात तो सुटा असायचा, नव्यात चिकटवलाय. ओढून काढला, एका कोपऱ्यात फाटला. मोजला. उजवा : चवड्याखाली ३ मिमी, टाचेखाली ९. डावा : ३ आणि ८. म्हणजे ड्रॉप शून्य तर नाहीच, वर दोन्ही पायांना वेगवेगळा. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. मिलिमीटरहून बारीक मापं घ्यायचं व्हर्निअर कॅलिपर अकरावीच्या पोरांच्या हातात देते, तेव्हा मापाबद्दल वाद नको. इनसोल काढून घालावा तर आतली शिवण चवड्याला सोलते.

आता तुमचे ‘टेक्निकल टीमचे वरिष्ठ’. त्यांचं बोलणं जसंच्या तसं देते, कारण कॉल रेकॉर्ड होतोय असं तुमची टेप दर वेळी बजावते. काढून ऐका.

“मॅडम, घरी सर आहेत का?”
“कशाला?”
“थोडं टेक्निकल आहे. सरांना समजावून सांगतो.”
“बूट माझा आहे. मापं मी घेतलीत. मला सांगा.”
“पट्टीने असं मोजता येत नाही, मॅडम.”
“व्हर्निअरने मोजलंय.”
“ते काय असतं?”

मी सांगितलं. काय करणार, धंदाच तो आमचा. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “सहा मिमी म्हणजे काहीच नाही हो. आणि लेडीजना थोडी हील बरीच वाटते.” मी गप्प बसले, तर त्यांना वाटलं पटलं. मग हसून म्हणाले, “तसंही अनवाणीच पळायचं, तर बूट कशाला लागतो?”

हे तुमचा पगार घेणारा माणूस म्हणतोय. तुमचा अख्खा धंदा ज्या बुटावर उभा आहे, त्याच्याबद्दल. आमचे ‘सर’ तेव्हा शेजारीच चहा गाळत होते. ते कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही स्कूटरवर जातात. त्यांना काय समजावणार होतात?

आणि शेवटी निकाल : “इनसोल काढलात, म्हणजे प्रॉडक्ट डॅमेज. रिटर्न होणार नाही.” काढायला सांगितलं कोणी? तुम्हीच. शिवाय तळाला माती लागलीय म्हणून ‘वापरलेला माल’. ‘तीस दिवस धावून पाहा, नाही आवडला तर परत करा’ ही जाहिरातही तुमचीच. धावायचं कुठे, गादीवर?

तुमच्या संकेतस्थळावर इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला झळकतो. १९६०, रोम ऑलिंपिक, अनवाणी, मॅरेथॉनचं सुवर्ण. तोच बिकिला १९६४ ला टोकियोत बूट घालून जिंकला, ते मात्र तुम्ही गाळलंय. बूट विकणाऱ्यांनी खरं तर तेच आधी लावायला हवं होतं. असो. मुद्दा बिकिलाचा नाही. ० लिहायचं आणि ६ विकायचं, हा आहे.

असेच ‘अनवाणी’ बूट विकणाऱ्या व्हिब्रम कंपनीने २०१४ साली अमेरिकेत जाहिरातीतल्या दाव्यांवरूनच्या खटल्यात, चूक कबूल न करता, साडेसदतीस लाख डॉलरची तडजोड केली, हे तुमच्या धंद्यातल्या माणसाला माहीत असेलच. तिथे पायाला होणाऱ्या फायद्यांचा वाद होता. इथे वाद साध्या मापाचा आहे, त्याला शास्त्रज्ञ लागत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत व्हायला हवं. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद करीन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही. दोन्ही इनसोल आणि मापांचे फोटो जपून ठेवलेत.

पूर्ण रक्कम मूळ खात्यात जमा करा. कूपन नको. ‘कुशनवाला मॉडेल ट्राय करा’ हेही नको, तो हवा असता तर तुमच्याकडे आलेच नसते. वाईट याचं वाटतं की आमच्या सकाळच्या ग्रुपमधल्या निम्म्या बायकांनी तुमचा बूट माझ्या शब्दावर घेतलाय. त्यांचेही इनसोल आता मोजणार आहे.

— एक ग्राहक, सातारा

ता. क. : हे लिहीत असतानाच तुमचा मेसेज आला. ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे. कृपया पाच तारे द्या.’ कोणाचं समाधान झालं, तेवढं लेखी कळवा.