ई-बिलात काजूच्या दोन प्रती (दर्जे) एक झाल्या : बिलिंग सॉफ्टवेअर कंपनीला तक्रार पत्र

दि. २९ सप्टेंबर २०२५
तालुका वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
बिलिंग सॉफ्टवेअर विभाग

विषय : ई-बिलातील मालाच्या नोंदी चुकीच्या गेल्याने झालेले नुकसान आणि सॉफ्टवेअरमधील त्रुटी

महोदय,

आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. चौदा बायका सोलाई आणि प्रतवारी करतात आणि हिशेब बघायला एक ताई आहेत. कच्ची बी महागल्यामुळे आमची उलाढाल ५ कोटींच्या वर गेली आणि ई-इन्व्हॉइस, म्हणजे जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवायचे बिल, लागू झाले. १ ऑगस्ट २०२३ पासून ही मर्यादा ५ कोटींवर आली, तेव्हा आमच्यासारखे अनेकजण यात आले असतील. म्हणून जूनमध्ये वर्षाचे पैसे एकरकमी भरून तुमचे सॉफ्टवेअर घेतले. ऑर्डर थेट आत येईल, बिल थेट खरेदीदाराच्या संगणकावर जाईल, पुन्हा काही टाइप करावे लागणार नाही, असे तुमच्या प्रतिनिधीने आमच्या ऑफिसात बसून सांगितले होते.

शुक्रवारी १२ सप्टेंबरला पुण्याच्या एका मोठ्या खरेदीदाराला दिवाळीचा पहिला माल निघाला. १० किलोचे ४० डबे डब्ल्यू ३२०चे आणि १० डबे डब्ल्यू २४०चे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, हा आकडा म्हणजे एका पौंडात बसणाऱ्या अख्ख्या गरांची कमाल संख्या. २४०चा गर मोठा, त्याचा भाव वेगळा. आमच्या बायका ट्यूबच्या उजेडात एकेक गर हातात घेऊन ही निवड करतात, कारखान्याची सगळी कमाई त्या टेबलावर ठरते. दोन्हींचा एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा) मात्र एकच. तुमच्या सॉफ्टवेअरने कोड सारखा बघितला आणि दोन ओळींची एक ओळ करून टाकली : काजूगर, ५०० किलो, सरासरी दर. छापील बिलावर दोन ओळी बरोबर होत्या, त्यामुळे ताईंना काही कळायला मार्गच नव्हता.

ट्रक शनिवारी रात्री पोचला, रविवारी डेपो बंद. सोमवारी सकाळी गेटवर त्यांच्या संगणकाने ऑर्डरच्या दोन ओळींना बिलाची एक ओळ जुळत नाही म्हणून माल घेतला नाही. आयआरएन (ई-इन्व्हॉइसला पोर्टलवर मिळणारा नोंदणी क्रमांक) रद्द करायचा तर २४ तासांच्या आत, ती मुदत शनिवारीच संपलेली. मग जुन्या बिलाची रक्कम वजा करणारी क्रेडिट नोट, नवा क्रमांक घालून नवे बिल, ड्रायव्हरचा दोन दिवसांचा खोळंबा. पैसे आजपर्यंत आलेले नाहीत. तुमच्या हेल्पलाइनवर उत्तर मिळाले की सरकारी नमुन्यातच प्रतीसाठी जागा नाही.

हे खरे नाही, आणि मला सर्वांत जास्त राग या उत्तराचा आला. माझा भाचा पुण्यात संगणक अभियंता आहे. त्याने आयएनव्ही-०१ हा ई-इन्व्हॉइसचा सरकारी नमुना माझ्यासमोर उघडला. त्यात प्रत्येक मालाखाली गुणधर्म लिहायला रकाना आहे, बॅच क्रमांकाला आहे, खरेदी ऑर्डरच्या क्रमांकाला आहे, ऑर्डरमधल्या नेमक्या ओळीचा संदर्भ द्यायलासुद्धा आहे. हे रकाने भरणे सक्तीचे नाही, इतकेच. तुम्ही ते आमच्या पडद्यावरून काढून टाकले आणि दुप्पट किमतीच्या योजनेत ठेवले. अशा नमुन्यांमधले शेकडो रकाने छोट्या धंद्याला झेपत नाहीत हे जगात कधीच ओळखले गेले आहे. यूबीएल या बिल-ऑर्डरसारख्या व्यापारी कागदपत्रांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा छोट्या व्यवसायांसाठी मोजक्या रकान्यांचा संच २००६ सालीच निघाला होता. रकाने कमी करायला माझी हरकत नाही. पण कोणते ठेवायचे हे धंदा बघून ठरवायला हवे होते. काजूवाल्याकडून प्रत काढून घेतली तर राहिले काय?

आणखी एक. ऑगस्टमध्ये आमची बिले तीन दिवस अडली होती. पडद्यावर फक्त ‘स्कीमा व्हॅलिडेशन फेल्ड’ (बिल ठरलेल्या नमुन्यात बसत नाही) असे इंग्रजीत यायचे. तुमचा माणूस सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे म्हणत राहिला. कारण एवढेच होते की आम्ही बिलबुकाच्या सवयीने ००४१ असे क्रमांक घालत होतो आणि ई-इन्व्हॉइसमध्ये बिलाचा क्रमांक शून्याने सुरू झालेला चालत नाही. ‘बिल क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य काढा’ असे मराठीत आले असते तर ताईंनी अर्ध्या मिनिटात दुरुस्त केले असते. बी.कॉम. झालेली, वीस वर्षे हिशेब सांभाळणारी बाई त्या तीन दिवसांत स्वतःचीच चूक शोधत रडवेली झाली होती.

तेव्हा गुणधर्म, बॅच आणि ऑर्डर संदर्भाचे रकाने आमच्या आहे त्याच योजनेत उघडून द्या आणि एचएसएन सारखा असला तरी ओळी एकत्र करणे बंद करा. चूक दाखवणारे संदेश मराठीत द्या. जूनपासूनचा आमचा सगळा डेटा प्रमाण नमुन्यातल्या फाइलमध्ये, वेगळे पैसे न घेता, आमच्या हातात द्या, तो आमचा आहे. ट्रकच्या खोळंब्याची पावती सोबत जोडली आहे, ती रक्कम भरून द्यावी.

दुसरा ट्रक १० ऑक्टोबरला निघणार आहे. ८ तारखेपर्यंत दुरुस्ती झाली नाही तर ते बिल आम्ही सरकारच्या मोफत साधनावर स्वतः करू, ताईंनी त्याचा सराव सुरू केला आहे. तसे झाल्यास उरलेल्या महिन्यांचे पैसे परत पाठवावेत.

आपली,
काजू कारखान्याची चालक

सोबत : दोन्ही बिलांच्या प्रती, क्रेडिट नोट, वाहतूकदाराची पावती