मंत्रिमहोदय, शिष्यवृत्तीची तारीख सांगा

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीच्या खिडकीवर बसतो. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचं संस्थेचं लॉगिन माझ्याकडे असल्याने योजनांची नावं तोंडपाठ आहेत : राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, भारत सरकार मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या शिक्षणाची). सरकारने काहीच केलं नाही, असं माझ्या खिडकीवर बसून म्हणता येणार नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अर्ध्या फीसाठी अडलेल्या मुली त्यामुळे आत आल्या.

माझी तक्रार पैसे कधी येतात याबद्दल आहे.

कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेरीत, जागा लागली की मोजक्या दिवसांत कॉलेजात येऊन प्रवेश पक्का करावा लागतो. शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्याकडून शुल्क मागू नये, अशी परिपत्रकं निघतात. माझ्या फायलीत ती ओळीने लावलेली आहेत. पण संस्थेलाही पगार भागवायचे असतात आणि शासनाकडून मागच्या वर्षाचेच पैसे यायचे असतात. मग ‘तूर्त भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ’ असं तोंडी सांगितलं जातं. लेखी कुणी देत नाही. बाप कानातलं-गळ्यातलं गहाण टाकतो, नाहीतर गावात व्याजाने उचलतो. शिष्यवृत्ती येते ती दुसरं सत्र उलटल्यावर, कधी पुढच्या वर्गात गेल्यावर. तोवरचं व्याज त्या घराचं. म्हणजे ज्याच्याकडे पैसे नाहीत म्हणून आपण योजना काढली, तोच माणूस वर्षभर सरकारला बिनव्याजी उसने देतो.

प्राप्तिकराचा परतावा लांबला तर करदात्याला दरमहा अर्धा टक्का व्याज मिळतं. कायद्यातच तशी तरतूद आहे. शिष्यवृत्ती लांबली तर विद्यार्थ्याला काय मिळतं? ‘फंड नाही’ एवढं उत्तर, तेही माझ्या तोंडून.

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचं तर आणखी त्रांगडं आहे. २०२०-२१ पासून केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के असा वाटा ठरला. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जातो, आणि तो राज्याने आपला वाटा दिल्याशिवाय सुटत नाही. त्या खात्यातून त्याने कॉलेजची फी भरायची. थेट खात्यात पैसे देण्याला माझा विरोध नाही, मधली गळती त्याने थांबली. पण पैसे उशिरा आले की घरात आधीच तुंबलेली देणी त्यावर तुटून पडतात. आजारपण निघतं, बियाणं-खत निघतं. मग पोरगा कॉलेजचा थकबाकीदार ठरतो आणि त्याची गुणपत्रिका अडकते. आळ मात्र त्याच्यावर, की ‘शिष्यवृत्ती खाल्ली’.

अर्ज कसे अडतात तेही सांगतो. आधारवर वडिलांचं नाव ‘बाबासो’, उत्पन्नाच्या दाखल्यावर ‘बाबासाहेब’. अर्ज त्रुटीत. राजपत्रात नाव बदलून आणा, नाहीतर प्रतिज्ञापत्र करा. ते होईतो आधारशी जोडलेलं खातं भलतंच निघतं, कारण मध्ये कुणीतरी गॅसच्या सबसिडीसाठी दुसरी बँक जोडलेली असते. पोरगी तीन ठिकाणी खेटे घालते आणि माझ्यापुढे उभी राहते. तिचा बाप तोच, जात तीच, जमीन तेवढीच. तरी नूतनीकरणाला कागद पुन्हा नवे.

कर्ज काढा म्हणणारेही भेटतात. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागायचं नाही, हा आयबीएच्या, म्हणजे बँकांच्या संघटनेच्या, आदर्श योजनेतला जुना नियम. साडेसात लाखांपर्यंत केंद्राची पतहमीही (कर्ज बुडाल्यास बँकेला हमी) आहे. कागदावर सगळं नीट. शाखेत गेल्यावर साहेब आधी बापाचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, बघतात. पीककर्ज थकलेलं दिसलं की पुढची बोलणी संपतात. फार तर ‘तुमचं गाव आमच्या शाखेकडे येत नाही’ असं ऐकायला मिळतं. केंद्राने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी विनातारण शैक्षणिक कर्जाची पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली, पण तिची सुरुवात ८६० नामांकित संस्थांपासून. तालुक्याच्या कॉलेजातलं पोर त्यात कुठून बसणार? आणि ज्याला शिष्यवृत्ती मंजूर आहे त्याने ती उशिरा येते म्हणून कर्ज काढायचं, हे मला काही पटत नाही.

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. जूनमध्ये करार, जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला. अटी कडक होत्या आणि पुढे बडोद्यात त्यांना जे सोसावं लागलं ते सर्वांना माहीत आहे. पण बोटीत पाय ठेवण्यापूर्वी किती मिळणार, कधी मिळणार आणि बदल्यात काय करायचं, हे ठरलेलं होतं. बडोद्याकडे पोर्टल नव्हतं.

‘कमवा आणि शिका’ किंवा विद्यावेतनासह प्रशिक्षण यांचा आधार मोठा आहे, पण ‘कमवा’तल्या तासांवर सत्राची फी निघत नाही आणि शिकाऊ उमेदवारीचं विद्यावेतन बहुतेकांना पदवीनंतर मिळतं. दारातच अडलेल्याला त्याचा काय उपयोग?

तर मागणं असं. कॅपचं वेळापत्रक आपण जाहीर करता, त्यातच पहिल्या हप्त्याची तारीख छापा. निम्मी रक्कम प्रवेशाच्या महिन्यात सोडा, उरलेली पहिल्या सत्राच्या परीक्षेआधी. तारीख चुकली तर करदात्याला देता तेवढंच व्याज विद्यार्थ्यालाही द्या. तेव्हा वित्त विभाग आपोआप जागा होईल. नूतनीकरणाला एका स्वयंघोषणेवर भागवा आणि पडताळणी मागून करा. सामाजिक न्याय, इतर मागास बहुजन कल्याण, आदिवासी विकास ही खाती आपली नाहीत, हे मला कळतं. पण पोरं एकाच खिडकीवर येतात आणि चार खात्यांचे पैसे चार वेगळ्या वेळी सुटतात. मंत्रिमंडळात आपण शेजारीशेजारी बसता, तेव्हा हा विषय निघू द्या.

नाव लिहीत नाही, नोकरी करायची आहे. उत्तर मला नको, तारीख महाडीबीटीच्या पहिल्या पानावर टाका.

आपला विश्वासू,
शिष्यवृत्ती विभागातील एक लिपिक