समन्स जुन्याच मालकाच्या दारात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसरा जवळ आला की आपल्या पेपरच्या छोट्या जाहिरातींत जुन्या मोटारींची रीघ लागते. ‘सिंगल ओनर’, ‘पेपर क्लिअर’, ‘लगेच ताबा’. यातल्या ‘लगेच ताबा’बद्दल मला थोडं लिहायचं आहे. मी न्यायालयातून बेलिफ, म्हणजे समन्स-वॉरंट घरोघर नेणारा कर्मचारी, म्हणून निवृत्त झालो. मोटार अपघात दाव्यांतली समन्सं घेऊन शेळगी, देगाव, नई जिंदगी, मंद्रूप असा सोलापूरचा सगळा मुलूख सायकलवर आणि पुढे स्कूटरवर पालथा घातला. पुष्कळ घरी तर दार उघडायच्या आधीच समोरचा काय म्हणणार ते मला पाठ असायचं: “ओ साहेब, ती गाडी विकून दोन दिवाळ्या झाल्या की ओ!”

मग आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला बाँड, म्हणजे गाडी विकल्याचा लेखी करार, बाहेर यायचा. नोटरीचा शिक्का, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, आणि ‘आजपासून वाहनाची सर्व जबाबदारी लिहून घेणार यांची राहील’ हे वाक्य ठळक अक्षरात. मी म्हणायचो, इथं सही करा, समन्स घ्या आणि बाँड वकिलाला दाखवा. बेलिफाने त्यापुढे बोलू नये असा दंडक. आता पेन्शनीत आहे, त्यामुळे बोलतो.

बाँड हा देणारा आणि घेणारा या दोघांतला करार आहे. गाडीखाली सापडलेल्या माणसाने त्यावर सही केलेली नसते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २ (३०) प्रमाणे मालक म्हणजे ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे तो. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर निकाल दिला. त्या प्रकरणातली गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे आणि मग चौथ्याकडे गेली होती, पण नोंदीत नाव राहिलं पहिल्याचंच. उच्च न्यायालयाने भरपाई शेवटच्या ताबेदारावर टाकली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा नोंदीतल्या मालकावर आणली. अपघातग्रस्ताने गाडीच्या मागे या हातातून त्या हातात धावत बसायचं का, असा त्यामागचा विचार. मला तो पटतो. जखमी माणूस हॉस्पिटलात पडलेला असताना त्याच्या बायकोने चार बाँड कुठून हुडकायचे?

हे वाचून घेणाऱ्याला वाटेल की आपण सुटलो, भोगेल तो जुना मालक. तसं नाही. गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने होटगी रोडवरच्या एका व्यापाऱ्याकडून २०१६ सालची मोटार घेतली. शनिवारी संध्याकाळी ताबा, रविवारी पहाटे सगळं घर तुळजापूरला, असा बेत. पेढे घेऊन आला, तेव्हा मी आधी विम्याचा कागद मागितला. मुदत संपलेली होती. “मामा, आरसी बुक आहे, बाँड आहे, नाव बदलायच्या टीटी फॉर्मवर सह्या आहेत. विम्याचं सोमवारी बघतो की.” त्याला म्हटलं, मग तुळजापूरला एसटीने जा. स्टँडवरून सारख्या गाड्या सुटतात, आईचं दर्शन चुकणार नाही.

तो रागावला, पण कायदा काय म्हणतो बघा. त्रयस्थ पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा, विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणायची नाही, हे कलम १४६. आणली तर कलम १९६ प्रमाणे पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि दुसऱ्यांदा दंड ४,००० रुपये. हे कलम जो चालवतो त्यालाही लागतं आणि जो चालवू देतो त्यालाही. काल घेतली, आज घेतली, असली सवलत त्यात कुठेच नाही. दंडाचं सोडा, तो भरून मोकळं होता येतं. विमा नसलेल्या गाडीने कुणाचा जीव घेतला, तर भरपाई चालवणाऱ्याच्या आणि मालकाच्या घरादारातून जाते. विम्याविना गाडीच्या दाव्यांत पुढे जप्तीचे वॉरंट निघतात आणि तेही बेलिफालाच न्यावे लागतात. त्या कामाबद्दल जास्त लिहीत नाही.

विमा चालू असेल तर? इथे कायद्याने जरा दया दाखवली आहे. कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की त्रयस्थ पक्षाचा विमा गाडीबरोबर घेणाऱ्याकडे गेला असं मानलं जातं. पण १४ दिवसांच्या आत घेणाऱ्याने विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर आपलं नाव लावून घ्यायचं असतं. आणि आपोआप जातं ते फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचं संरक्षण. तुमच्या स्वतःच्या गाडीला बाळे गावाजवळ ट्रकने घासलं, तर ‘ओन डॅमेज’चा दावा जुन्या मालकाच्या नावच्या पॉलिसीवर मागायला गेलात की तिथेच अडकता. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही ज्याच्या नावावर गाडी आणि पॉलिसी आहे त्याच्यासाठी असतो. म्हणजे दुर्दैवाने नवा घेणाराच दगावला, तर त्याच्या मागे राहिलेल्यांच्या हाती काही नाही. आणखी एक, नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, हा गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो जुन्या मालकाबरोबर जातो आणि नाव बदलताना घेणाऱ्याला फरकाची रक्कम भरावी लागते. ‘विमा आहे, बोनससकट’ असं सांगून कुणी किंमत वाढवत असेल तर तिथेच थांबवावं.

एवढं होऊनही विमा संपलेल्या गाड्या रस्त्यावर इतक्या का दिसतात? माझं निरीक्षण असं आहे की गाडीविषयीचा प्रत्येक निरोप चुकीच्या दारात जातो. विम्याची मुदत संपत आल्याचा मेसेज पॉलिसीवरच्या मोबाईलवर जातो, म्हणजे जुन्या मालकाकडे. ई-चलनही त्याच्याच फोनवर. तो म्हणतो, गाडी विकली, मला काय त्याचं? तिकडे नवा माणूस वर्षभर बिनधास्त गाडी हाकत असतो. सात रस्ता चौकात कुणी सिग्नल तोडून धडक दिली, तर पोलीस कलम १३३ खाली ‘तुमची गाडी त्या वेळी कोण चालवत होतं’ असं नोंदीतल्या मालकालाच विचारतात. त्याला तर गाडी आता कुठल्या पेठेत उभी असते तेही ठाऊक नसतं.

यावरचा उपाय अवघड नाही, फक्त आळस आड येतो. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत नमुना २९ देऊन आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नमुना ३० देऊन नाव लावायला अर्ज करायचा. अर्ज आता परिवहनच्या संकेतस्थळावरही भरता येतो. विकणाऱ्याने कळवल्याची पोच जन्मभर जपावी, बाँडपेक्षा तिची किंमत जास्त. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेच्या लेखी संमतीशिवाय नाव बदलत नाही, तेव्हा पैसे मोजायच्या आधी बोजा उतरवण्याचा नमुना ३५ आणि बँकेचं पत्र हातात घ्यावं. फास्टॅगही जुन्या मालकाला बंद करायला लावून आपला नवा घ्यावा. नाहीतर सावळेश्वरच्या टोलनाक्यावर पैसे त्याच्या खात्यातून कटतील आणि भांडण तुमच्याशी होईल. पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचा दाखला, संपलेली असेल तर कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. शंभर-दीडशे रुपयांच्या कागदासाठी कशाला ती जोखीम?

आपल्याकडे सीमेमुळे आणखी एक गोष्ट घडते. विजापूर आणि कलबुर्गीकडच्या, म्हणजे केए-२८ आणि केए-३२ च्या गाड्या स्वस्तात मिळतात म्हणून लोक आणतात आणि तशाच वापरतात. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८ लागतो, आणि रोड टॅक्सही इथे भरावा लागतो. हा खर्च जोडून मग ‘स्वस्त’ म्हणावं.

आता खरं दुखणं. सह्या केलेले टीटी फॉर्म, पण तारीख कोरी. व्यापारी विकणाऱ्याकडून असे फॉर्म घेऊन ठेवतो, गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाडी त्याच्या आवारात, कधी त्याच्या मेव्हण्याच्या लग्नात, कधी गड्ड्याच्या यात्रेत फिरते. कधी ती दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जाते, फॉर्म तेच. मधल्या एकाही हाताचं नाव कुठे लागत नाही. तारीखच कोरी, तर १४ दिवस मोजायचे कुठून?

हे बंद करण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केला आणि तो १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यायचं, ते पाच वर्षं चालतं. मालकाने गाडी अशा व्यापाऱ्याच्या ताब्यात दिली की ते नमुना २९ सी मध्ये ऑनलाइन कळवायचं, आणि तिथून पुढे कायद्याच्या लेखी तो व्यापारीच मालक समजला जातो. जबाबदारी त्याची. गाडी त्याने चाचणी, दुरुस्ती, तपासणी अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढायची आणि फेऱ्यांची नोंद ठेवायची. इतका चांगला नियम आहे, पण भाच्याच्या व्यापाऱ्याला मी प्रमाणपत्र दाखवा म्हटलं, तर त्याने भिंतीवरचा दुकान परवाना दाखवला आणि वर चहा मागवला.

म्हणून दोन विनंत्या. आरटीओने जिल्ह्यातल्या अधिकृत व्यापाऱ्यांची यादी कार्यालयाच्या दारात लावावी आणि दर महिन्याला पेपरकडे पाठवावी. दुसरी विनंती आपल्याला. जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्याची जाहिरात घेताना त्याच्या प्रमाणपत्राचा क्रमांक मागावा आणि तो जाहिरातीतच छापावा. एक ओळ वाढेल, तिचे पैसे व्यापारीच देईल. ज्याच्याकडे क्रमांक नाही, त्याची जाहिरात निदान दिवाळीपर्यंत तरी बाजूला ठेवून बघा.

आपला,
एक निवृत्त बेलिफ
जुळे सोलापूर
(नाव-पत्ता सोबत दिला आहे, कृपया छापू नये.)