गौरीचा रस्ता आणि चिपळूणची क्रेन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की मुंबई–गोवा महामार्गाच्या खड्ड्यांचे फोटो छापून यायला लागतात. यायलाच हवेत, २०११ पासून काम चाललंय त्याचं. पण कोकणाला तेवढा एकच रस्ता आहे अशा थाटात सगळी चर्चा होते. माझं सासर गुहागर तालुक्यात, माहेर घाटावर पाटण तालुक्यात आणि संसार भांडुपला. त्यामुळे गुहागर–चिपळूण–कराड–विजापूर हा महामार्ग, कागदावर १६६ ई, आमच्या घरात ‘गौरीचा रस्ता’ म्हणूनच ओळखला जातो. सासरच्या गौरी बोळवल्या की दुसऱ्या दिवशी कुंभार्ली घाट चढून माहेरी.

गेल्या वर्षी पोफळी सोडून घाटाला लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर सगळं थांबलं. पुढे एक लांबलचक कंटेनर वळणात फसला होता. मागचं चाक गटारात, तोंड आडवं. क्लीनर बिचारा भिजत चाकामागे दगड लावतोय. धुकं इतकं की पुढच्या एसटीचे लाल दिवेही दिसेनात. मोबाइलला रेंज नाही. आमच्या मागे मासळीची गाडी होती, तिच्यातलं बर्फाचं पाणी गळून रस्ता बुळबुळीत झालेला. एक जोडपं दुचाकीसकट त्यावरून घसरलंच. (या गाड्यांचं पाणी रस्त्यावर सोडायला कुणी परवानगी दिली आहे का, हे एकदा छापा.) मासळीच्या गाडीमागच्या गाडीतल्या आजोबांना डायलिसिससाठी कराड गाठायचं होतं. वरून उतरणाऱ्या रांगेतल्या दुधाच्या टेम्पोवाल्याने कॅन उघडून तान्ह्या पोरांच्या बाटल्या भरून दिल्या, पैसे घेतले नाहीत. साडेचार तासांनी चिपळूणहून क्रेन आली. आली म्हणजे काय, ती निघाली होती लवकरच, पण आमच्याच रांगेच्या शेपटाशी अडकून पडली होती!

पनवेल–माणगावची कोंडी टाळायला आता मुंबईचे चाकरमानीही एक्स्प्रेस-वेने पुणे, सातारा, मग उंब्रजवरून मल्हारपेठ, पाटण असा वळसा घालतात आणि हाच घाट उतरतात. म्हणजे कराडची भाजी आणि दूध खाली, बंदरावरची मासळी आणि हापूस वर, दवाखान्याची माणसं वर, आणि सणाला मुंबईच्या गाड्या खाली. सगळ्यांना ही एकच अरुंद वळणावळणाची वाट. अलीकडे-पलीकडे काँक्रीटचे गुळगुळीत तुकडे झाले, त्यामुळे गाड्या भरधाव येऊन घाटाच्या तोंडाशी तुंबतात. चिपळूण–कराड रेल्वेचं म्हणाल, तर ते आम्ही इतक्या वर्षांपासून ऐकतोय की माझ्या सासूबाई आता ‘रेल्वे आली की जाऊ’ हे ‘कधीच नाही’ या अर्थाने म्हणतात.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्यात होतं आणि त्याच पावसात वर पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्याला दरडी कोसळल्या. मला एका बाजूला दीर, दुसऱ्या बाजूला भाऊ; फोन दोघांचेही बंद. असा प्रसंग पुन्हा आला तर एकमेकांकडे धावून जायला आमच्याकडे जवळची वाट हीच.

मला बोगदा नको, चौपदरी नको. पावसाळाभर एक क्रेन खाली पोफळीला आणि एक वर हेळवाकला उभी ठेवा. मुंबई–गोवा मार्गावर गणपतीत अवजड वाहनांना बंदी घालतात, तशी त्या दिवसांत या घाटातही घाला. आणि वळणांवरचे फुटके कठडे बांधून काढा. तिथे दोरीला बांधलेल्या पांढऱ्या पोत्यांवर कसला भरवसा ठेवायचा?

यंदाही गौरी बोळवल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घाट चढणार आहोत. पोफळीला क्रेन उभी दिसली, तर तुम्हाला पुन्हा पत्र लिहून कळवीन.

आपली,
एक माहेरवाशीण
भांडुप, मुंबई